मावशी, त्या दिवशी मी गप्प बसले

प्रिय मावशी,

हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवेल. तिला सांगितलंय, सावकाश वाच, आणि मावशी "थांब" म्हणेल तिथं थांब. पत्र तुलाच आहे, पण कुणालाही वाचता यावं असं उघड लिहितेय. त्याला कारण आहे.

गेल्या महिन्यात पुण्यात एका लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझं माहेर विचारलं. मी जामखेड तालुका म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आरोळ्यांचं जामखेड. ती मिशनरी मंडळी औषधाची बाटली हातात देतात आणि मागनं माणसं बाटवतात." मला घास गिळवेना. (परकं कुणी वाचत असेल त्याच्यासाठी सांगते: आरोळे म्हणजे जामखेडला गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवणारे डॉक्टर पती-पत्नी, आणि तू त्यांनी शिकवलेली आमच्या गावची आरोग्यसेविका.) पण मी काहीच बोलले नाही. बावीस वर्षं नर्स म्हणून काम करतेय, डॉक्टरांशी, नातेवाइकांशी, पोलिसांशी बोलायला कधी कचरले नाही, आणि तिथं मात्र लग्नघरी वाद नको म्हणून पानातलं उकरत बसले. घरी आल्यावर रात्रभर झोप नाही. तू समोर असतीस तर काय म्हणाली असतीस, हेच डोक्यात फिरत होतं. त्यांना जे सांगायचं होतं ते आता तुला लिहितेय, कारण खरे आभार तुझेच मानायचे राहिलेत.

आईला मी पहिली नव्हे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पहिला मुलगा बहात्तरच्या दुष्काळात गेला. आई रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरात मिलोची लाल भाकरी आणि कधीमधी सुकडी. पोराला हगवण लागली. आजीनं जगाच्या रीतीनं केलं. पोट वाहतंय म्हणून पाणी तोडलं. ओठ सुकले, टाळू खोल गेली, तरी पाणी नाही. दुसरी मुलगी झाली ती चांगली धडधाकट. नाळ विळ्यानं कापली, वर राख लावली. आठ दिवसांच्या आत तिचे जबडे आवळले आणि अंग धनुष्यासारखं वाकलं. आजी म्हणाली, सटवाईनं नेली. आईनं हे मला एकदाच सांगितलं, मी नर्सिंगला निघाले तेव्हा. "तुझ्या बहिणीला धनुर्वात झाला होता, हे मला मावशीकडनं कळलं. तवापर्यंत मी सटवाईलाच बोल लावत होते," असं म्हणाली.

त्या काळात आपल्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. हा १९७१ च्या सुमाराचा, आरोळे डॉक्टरांचं काम सुरू झालं तेव्हाचा आकडा आहे. नर्सिंगच्या पुस्तकात मी तो वाचला तेव्हा वर्गात बसून रडले होते. त्या १७६ मधली दोन आमच्या घरची, असंच मला वाटत राहिलं.

मग तू आलीस. तुला आठवतं का, आजी तुला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती? आई सातव्या महिन्याची. तू रोज यायचीस आणि अंगणात लिंबाखाली बसून आईशी बोलायचीस. खालच्या आळीची बाई, लिहिता-वाचता येत नाही, हिला बाळंतपणातलं काय कळतं, असं आजी तुझ्या तोंडावर म्हणायची. तू ऐकून घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचीस. कधी पाठ फिरवली नाहीस. आजीच्या वतीनं माफी मागायचा अधिकार मला आहे की नाही, कळत नाही. तरीही मागते, मावशी. आमच्या घरानं तुला उन्हात बसवलं, आणि तू आमच्या घरात पोर जगवलंस.

आईला कळा सुरू झाल्या ती रात्र पावसाची होती. सुईण पलीकडच्या वस्तीवर अडकली होती. आजीनंच कंदील धरून तुला हाक मारली, हे आई मोठ्या कौतुकानं सांगायची. तू आधी साबणानं हात धुतलेस, आजीलाही धुवायला लावलेस. नवं पातं उकळलंस, दोरा उकळलास. राख नाही, शेण नाही, काही नाही. मला पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळलंस आणि लगेच आईच्या छातीशी दिलंस. तीन दिवस मधाचं बोट चाटवायची रीत होती, तीही तू मोडलीस. पहिलं पिवळं दूध टाकू दिलं नाहीस. आज माझ्या वॉर्डात नव्या मुलींना हेच सगळं शिकवते. त्यांना वाटतं मी कॉलेजात शिकले. मी तर जन्मले तेव्हाच शिकले.

धाकट्याच्या वेळचं मात्र मला स्वतःला आठवतं. मी पाच वर्षांची असेन. तो दीड-दोन वर्षांचा, जुलाब आणि उलट्या. आई तुझ्याकडं धावत आली. मला वाटलं तू पिशवीतनं औषध काढशील. तू आलीस, खाली बसलीस आणि आईला म्हणालीस, "तूच कर. मी बघते." आईचे हात थरथरत होते. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची मिठाची चिमूट. तू म्हणालीस, आधी स्वतः चाखून बघ. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून दे आणि नवं कर. आईनं पहिलं फेकलं. दुसरं जमलं. मग रात्रभर चमच्या-चमच्यानं. पहाटे त्यानं लघवी केली आणि तू हसलीस. लघवीला बघून एवढं हसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या रात्री मला तुझा राग आला होता, आज कबूल करते. आई रडतेय आणि ही हात लावत नाही, नुसती बघतेय. मोठी झाल्यावर उमगलं. तू करून दिलं असतंस तर पुढच्या वेळी आई पुन्हा तुझ्याकडं धावली असती. तू गावाला गेलेली असतीस तर? त्यानंतर आईनं आमच्या आळीतल्या कितीतरी पोरांना ते पाणी पाजलं. तुला बोलवायची गरज पडली नाही. त्याचा तुला आनंद व्हायचा. आपल्यावाचून कुणाचं अडू नये, यात आनंद मानणारी माणसं फार थोडी पाहिली मी.

आणि हे तुला कुणी शिकवलं, ते त्या गृहस्थांना सांगायला हवं होतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. वेल्लोरची गोष्ट तू प्रशिक्षणात ऐकली असशील. आयडा स्कडर नावाची अमेरिकन मिशनऱ्याची मुलगी. एका रात्रीत तीन घरचे पुरुष तिच्या दारात आले, बायको अडलीय, पण पुरुष डॉक्टरला हात लावू देणार नाही म्हणून. तिन्ही बायका गेल्या. आयडा डॉक्टर होऊन परत आली आणि १९०० साली एका खाटेचा दवाखाना काढला. ते रुग्णालय वाढलं ते देशोदेशीच्या चर्चमधल्या बायकांनी जमवलेल्या पैशावर. आरोळे पती-पत्नी तिथं शिकून आपल्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात राबले. तिथं त्यांना दिसलं, तेच पोर बरं होऊन घरी जातं आणि त्याच घाण पाण्यानं पुन्हा खाटेवर येतं. परदेशी जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले. परदेशात राहिले असते तर कोण विचारणार होतं? १९७० मध्ये ते जामखेडला आले. ना रेल्वे, ना पाऊस, ना कुणी ओळखीचं.

पुढचं तू माझ्यापेक्षा चांगलं सांगतेस. आधी शिकलेल्या नर्सा गावात पाठवल्या, त्या टिकेनात, बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करेनात. मग गावातल्याच माणसांनी सुचवलं, आमच्यातलीच एखादी बाई घ्या की. तशी गावानं तुला निवडली. अक्षर न येणारी, शिवाय दलित. तू आठवड्याला जामखेडला जायचीस, मुक्काम करायचीस, चित्रं बघून शिकायचीस आणि परत येऊन सगळं पाठ म्हणायचीस. पहिल्यांदा तिथं सगळ्या जातींच्या बायका एका खोलीत आल्या तेव्हा कोण कुणाशेजारी झोपणार यावर अडलं होतं. मग सगळ्यांनी मिळून एक भलीमोठी गोधडी शिवली आणि तिच्याच खाली सगळ्या झोपल्या. हे सांगताना तुझा आवाज बारीक व्हायचा. आपल्या भागात हातपंपही दलित वस्तीत बसवत गेले, म्हणजे पाण्याला वरची आळीसुद्धा तिथं येणार. आमची आजी त्याच पंपावर घागर घेऊन उभी राहायला लागली, तुझ्या मागं रांगेत. त्यानंतर कधीतरी, बाळंतपणाची अडचण नसतानाही, तू उंबरा ओलांडून आत आलीस आणि आजीनं तुला पाट दिला. ते कधी, कसं घडलं, कुणालाच नीट आठवत नाही. आई म्हणायची, पाणी प्यायला दिलं होतं.

आता धर्माचं. आरोळे डॉक्टरांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. गरिबांची सेवा येशूच्या वाटेनं करतो, हे ते सरळ सांगत. पण तुझ्या घरात तेव्हाही बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, आजही आहे. आमच्या देव्हाऱ्यात तेव्हाही खंडोबा होता, आजही आहे. मीठ-साखरेचं पाणी पाजताना कुणी आईला देव विचारला नाही. कुष्ठरोग्यांना इतरांबरोबर एकाच दवाखान्यात एकाच बाकावर बसवलं, तेव्हा त्यांनाही विचारला नाही. दुसरीकडं कुठं काय झालं, त्याचा निवाडा मी करत नाही. मी माझ्या घराचं आणि तुझ्या घराचं सांगतेय. या दोन घरांत प्रत्येक जण आपापल्या देवाजवळच राहिला, आणि पोरं जगली.

माझे आभार त्या लोकांनाही आहेत ज्यांना मी कधी पाहणार नाही. कुठल्या तरी दूरच्या गावात रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली फिरली असेल, आणि कुणा म्हातारीनं तिच्यात एक नाणं टाकलं असेल. जामखेड कुठं आहे हे तिला ठाऊकही नसेल. त्या पैशातनं तुझ्या पिशवीत साबण आला, पातं आलं, दोरा आला. मी स्वतः हिंदू आहे, पण त्या म्हातारीच्या नावानं मी दर दिवाळीला एक पणती जास्त लावते. मुलांना कारण सांगितलंय.

आपल्या गावांत जे चाललं ते जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशननं, म्हणजे चर्चांच्या जागतिक परिषदेच्या आरोग्य शाखेनं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं जगापुढं मांडलं. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आता शहरात जगभरचे देश जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा ठराव झाला, त्यामागं जामखेडसारख्या ठिकाणांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉक्टरांना पद्मभूषण. २००५ मध्ये सरकारनं गावोगाव आशा नेमायला सुरुवात केली. माझ्याकडं बाळंतिणीला घेऊन रात्री-अपरात्री आशाताई येते, स्वतः उपाशी, पायात चिखल, तेव्हा मला तीत तूच दिसतेस. तिला आधी चहा देते, मग नोंदी लिहिते. तिचं मानधन किती तुटपुंजं आहे, त्यावर एक वेगळं पत्र लिहीन, तुला नव्हे, दुसऱ्या कुणाला.

आणि तो १७६ चा आकडा. १९९० च्या दशकात तुमच्या गावांत तो तीसच्या खाली आला होता. हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "मग ती तीस तरी का गेली गं?" त्याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही.

मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. त्यांना पत्र लिहायचं राहून गेलं. उद्या लिहू, परवा लिहू म्हणता म्हणता माणसं जातात. म्हणून तुला तरी वेळेत लिहितेय. तू जगात फक्त चार-दोन गावं फिरलीस, सही करायला चाळिशीत शिकलीस. माझ्या धाकट्या भावाची मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या बापाच्या घशात त्या रात्री चमच्या-चमच्यानं जे पाणी उतरलं, त्याचं तिला सगळं सांगितलंय. तिला तुला भेटायचंय.

त्या गृहस्थांचा पत्ता मिळवलाय. हे पत्र त्यांनाही पाठवते आहे. रागानं नाही. त्यांनी एकदा जामखेडला यावं, तुझ्या ओट्यावर बसावं, तुझ्या हातचा कोरा चहा प्यावा एवढंच.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही येतो, मी आणि ती. त्याच्याआधी एक काम कर. नात सांगत होती, डाव्या डोळ्याला दिसेनासं झालंय आणि तू "मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" म्हणतेस. मावशी, पिकायची वाट बघायची नसते, हे अख्ख्या गावाला तूच सांगत फिरलीस. तारीख घे. तू नाही घेतलीस तर मी येऊन घेईन आणि तुला हाताला धरून नेईन.

तुझीच,
लिंबाखालच्या घरातली थोरली