स्टुटगार्टहून पत्र : ऑग्सबर्गच्या 928 विषयी

स्टुटगार्ट

प्रिय श्रीधर यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. 1988 ची पोर्शे 928 एस4, गडद निळा रंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि वर किंमत एखाद्या साध्या नव्या गाडीपेक्षाही कमी. हे सगळे पाहून तुझे हात शिवशिवू लागले असतील, यात नवल नाही. घ्यावी की न घ्यावी, असे तू सरळ विचारले आहेस. माझे उत्तर ‘घे’ असेच आहे, पण ते किंमत पाहून दिलेले नाही. ही गाडी नवी होती तेव्हा लाखाहून अधिक मार्कांना विकली जात असे. आज गाडी स्वस्त झाली असली, तरी तिचे सुटे भाग आणि तिच्यावर काम करणाऱ्या जाणकार माणसाचे तास स्वस्त झालेले नाहीत. जाहिरातीतला आकडा म्हणजे केवळ प्रवेशशुल्क आहे असे समज, आणि तेवढीच किंवा त्याहून मोठी रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला काढून ठेवता येत असेल तरच पुढचे वाच.

ही गाडी मुळात कशासाठी घडवली गेली, हे ध्यानात ठेवले की तिच्या मागण्याही समजतात. 1977 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम आली, तेव्हा कंपनीची सूत्रे एर्न्स्ट फुअरमान यांच्याकडे होती आणि 911 या कंपनीच्या जुन्या, प्रसिद्ध गाडीचे दिवस भरले, तिची जागा ही घेईल, असा त्यांचा होरा होता. तो खरा ठरला नाही. 911 आजही बनते आणि 928 मात्र 1995 साली बंद झाली. पण 1978 चा युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ हा मान तिला मिळाला, आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे. पुढे पाण्याने थंड होणारे व्ही8 इंजिन, मागच्या चाकांपाशी गिअरबॉक्स आणि दोहोंना जोडणारी, जाड नळीतून जाणारी लांब बारीक दांडी, अशा रचनेमुळे वजन दोन्ही आसांवर जवळजवळ सारखे पडते. मागच्या आसाची मांडणी तर अशी आहे की वळणात घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, तरी मागचे चाक बाहेर न वळता किंचित आत वळते आणि गाडी सावरते. वाइसाखच्या संशोधन केंद्रात हे काम झाले, म्हणून त्या आसाला त्याच गावाचे नाव आहे. थोडक्यात, ही शर्यतीची गाडी नव्हे. एका दिवसात देश ओलांडण्यासाठी केलेली गाडी आहे, आणि ती तशी वापरली नाही तर बिघडते.

आता मुख्य गोष्ट. विकणाऱ्याला पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा विचार. दोन मीटरहून लांब असा हा एकच पट्टा दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), ऑइल पंप आणि वॉटर पंप असे सगळे फिरवतो. एस4 च्या 32 व्हॉल्व्हच्या इंजिनात तो तुटला किंवा दात सोडून सरकला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि पुढचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो. ‘गाडी फक्त सत्तर हजार किलोमीटर चालली आहे, बेल्ट अजून मूळचाच आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तो गुण नसून इशारा आहे. रबराचे आयुष्य किलोमीटरवर नव्हे, वर्षांवर मोजायचे असते. बदलताना नुसता पट्टा बदलून भागत नाही. ताण देणारी यंत्रणा, तिची पुली आणि वॉटर पंप हे सारे एकाच वेळी करून घ्यावे, कारण पंपाचे बेअरिंग बसले की तोच नव्या पट्ट्याचा जीव घेतो. शिवाय प्रत्येक बाजूच्या दोन कॅमशाफ्टना जोडणारी एक लहान साखळी आत असते. तिला ताणून धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या इतक्या वर्षांनी ठिसूळ होतात, म्हणून व्हॉल्व्ह कव्हर उघडलेच आहे तर त्याही पाहाव्यात. नवा पट्टा काही हजार किलोमीटरनंतर थोडा सैल पडतो, तेव्हा ताण पुन्हा मोजावा लागतो. या सगळ्याची पावती, तारखेसह, कागदोपत्री नसेल, तर काम झालेलेच नाही असे धरून चाल.

दुसरी गोष्ट तुझ्या गाडीला विशेष लागू आहे, कारण ती ऑटोमॅटिक आहे. मघाशी म्हटलेली लांब दांडी पुढच्या टोकाला इंजिनाच्या पातळ चकतीला एका क्लॅम्पने आवळलेली असते. वर्षानुवर्षांच्या ताणाने दांडी त्या क्लॅम्पमध्ये कणाकणाने सरकते, चकती पुढे ढकलली जाते आणि तो सतत दाब क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, थ्रस्ट बेअरिंगवर येतो; त्या दांड्याला पुढेमागे सरकू न देणारे हे बेअरिंग. बेअरिंग संपले की क्रँकशाफ्ट थेट ब्लॉकला घासू लागतो. हा ब्लॉक ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा आहे, त्यात सिलिंडरला वेगळे अस्तर (लायनर) नाही. त्याची बैठक एकदा खाल्ली गेली की बहुधा इंजिनच बदलावे लागते. तपासणी मात्र सोपी आहे. गाडी लिफ्टवर घ्यायची, खालचे झाकण काढायचे, क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा आणि चकती मागे उडी घेते का ते पाहायचे. मग डायल गेज हे सूक्ष्म अंतर मोजणारे उपकरण लावून क्रँकशाफ्ट पुढेमागे किती हलतो ते मोजायचे. नव्या इंजिनात हे अंतर 0.11 ते 0.31 मिलिमीटर असते, 0.4 ही शेवटची मर्यादा. विकणारा या तपासणीला तयार नसेल, तर चहा पिऊन परत ये, गाडी कितीही देखणी असो.

विजेच्या तक्रारींनी या गाडीची जेवढी बदनामी झाली आहे, तेवढी ती त्या बाबतीत वाईट नाही. माझी स्वतःची 928 माझ्याकडे आली तेव्हा काचा मधेच थांबत, हेडलाइट उशिरा उठत आणि इंधनाचा काटा मनाला येईल ते दाखवी. ज्या गॅरेजात आधी नेली, तिथे एकेक मोटर आणि एकेक रिले बदलण्याची लांबलचक यादी माझ्या हाती दिली गेली. मी गाडी घरी आणली, चालकाशेजारच्या आसनापुढचा गालिचा उचलला, त्याखालची पायाची फळी काढली आणि फ्यूजचा सगळा तक्ता उघडा केला. प्रत्येक फ्यूज काढून त्याचे पाय आणि खाचा साफ केल्या. काहींवर हिरवट पूड साचली होती, एकाच्या कडेचे प्लास्टिक उष्णतेने वितळून पिवळे पडले होते. नंतर डिकीतल्या बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी नवी घातली आणि बाकीचे अर्थिंगचे बोल्ट घासून पुन्हा आवळले. एकही मोटर न बदलता काचाही सुरळीत झाल्या आणि हेडलाइटही. म्हणून सांगतो, वायरिंगला हात घालण्याआधी अर्थिंग पाहा.

रबराचे बाकी सगळे मात्र निर्दयपणे बदल. पेट्रोलच्या नळ्या तर पहिल्याच आठवड्यात, कारण त्या तापलेल्या इंजिनावरून जातात आणि अशा जुन्या नळीतून झिरपलेल्या पेट्रोलने गाड्या जळालेल्या आहेत. इंजिन माउंटिंग बसलेली असतात, ऑइल पॅनचे गॅस्केट गळत असते. ही दोन्ही कामे एकदमच करावीत, कारण दोहोंसाठी इंजिनाखालचा तोच आडवा आधार (क्रॉसमेंबर) खाली घ्यावा लागतो. कूलंट दर दोन वर्षांनी बदलावे, नाही तर ॲल्युमिनियमची हेड आतून कुरतडली जातात. टायरवर नक्षी पुष्कळ शिल्लक असली तरी भुलू नकोस. कडेवरच्या चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष असते, ते वाच. अडीचशे किलोमीटरच्या वर जाऊ शकणारी गाडी पंधरा वर्षांच्या टायरवर चालवणे हा अविचार आहे.

नोंदणीची काळजी नको. तीस वर्षे उलटून गेल्यामुळे, गाडी मूळ स्वरूपात असेल तर, जुन्या ऐतिहासिक गाड्यांना मिळणारी ‘एच’ पाटी मिळेल. तिचा वर्षाचा कर 191.73 युरो आहे, इंजिन केवढेही असो, आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांतही तिला मुभा असते. 2017 पासून ही पाटी हंगामापुरतीही घेता येते. मी मार्च ते ऑक्टोबर अशी घेतली आहे, कारण रस्त्यावरचे मीठ मला तिच्या अंगाला लागू द्यायचे नाही. बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची आणि दारे व बॉनेट ॲल्युमिनियमचे असल्याने गंज कमी धरतो, एवढेच. धरत नाही असे नाही.

इतके सगळे करून माणसाला काय मिळते, हे तुला शब्दांत सांगणे मला जमले पाहिजे. स्टिअरिंग वरखाली केले की समोरचा मीटरचा सगळा फलकही त्याच्यासोबत हलतो, त्यामुळे उंच माणसाला असो वा ठेंगण्याला, काटे कधी आड जात नाहीत. ही एक गोष्ट पाहिली तरी घडवणाऱ्यांनी चालकाचा किती विचार केला होता ते कळते. सिंगेनकडे जाणाऱ्या ए81 महामार्गावर, जिथे जिथे वेगाला मर्यादा नाही आणि सकाळी रस्ता मोकळा असतो, तिथे ती दोनशेच्या पुढेही इतकी स्थिर धावते की शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. पाच लिटरचे इंजिन कधी ओरडत नाही, नुसते जोर देत राहते. पेट्रोल शंभर किलोमीटरला चौदा-पंधरा लिटर जाते, शहरात वीसच्या आसपास, आणि मला त्याची खंत वाटत नाही. माझ्या कार्यालयातले तरुण इंजिनिअर, त्यांत आपल्या पुण्याचेही बरेच आहेत, 911 वरून नजर हटवत नाहीत. त्यांच्यातल्या एकाला मी या रस्त्याने नेऊन आणले, तेव्हापासून तो दर शनिवारी हातात पाना घेऊन माझ्या गॅरेजात हजर असतो.

तेव्हा असे कर. विकणाऱ्याकडून सर्व्हिसचे पुस्तक आणि सगळ्या पावत्यांच्या प्रती आधी मागव आणि मला पाठव. बेल्टची तारीख त्यात सापडली आणि थ्रस्ट बेअरिंग मोजू देण्यास तो तयार असला, तर ऑग्सबर्गमध्ये तासाभरासाठी एखादी लिफ्ट भाड्याने ठरव. डायल गेज मी घेऊन येईन. पुढचा शनिवार मला मोकळा आहे; इंजिन पूर्ण थंड असताना ते सुरू करून पाहायचे आहे, म्हणून आपण पोहोचण्याआधी गाडी चालू करू नये, असे त्याला निक्षून सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव