मालाच्या व्हॅनवर पण लिहा की

संपादक महोदय, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विंटेज गाड्यांवर लेख आला, छानच होता, पण सगळ्या राजेरजवाड्यांच्या मोटारी, मालाची व्हॅन एक पण नाही! मी इकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो आणि तीन वर्षं झाली गॅरेजमध्ये मॉरिस मायनर या जुन्या छोट्या ब्रिटिश गाडीची व्हॅन खोलून ठेवलीय (बायको तिला सवत म्हणते). ही व्हॅन बाजारात 1953 ला आली. गंमत म्हणजे मायनर कारला वेगळी चॅसी (खालची लोखंडी चौकट) नाही पण व्हॅनला आहे, म्हणून बॉडी अख्खी उचलून बाजूला ठेवता येते, आणि मग खाली बघितलं की रडू येतं, मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवतात तिथे चॅसी गंजून पापड झालेली, महिनाभर नुसतं कापा आणि वेल्डिंग करा. त्यात वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडायचं, आजच्या गाड्यांच्या उलट, सवयीने बॅटरी जोडली की संपलं.

ब्रिटिश पोस्टाने तर सुरुवातीच्या व्हॅनना पुढचे मडगार्ड चक्क रबराचे लावून घेतले होते, ठोकर लागली तरी चेपू नयेत म्हणून. कार लोक जपतात हो, व्हॅन मरेपर्यंत राबवतात आणि भंगारात देतात, म्हणून उरल्यात कमी.

आणि मायनर आपल्याला परकी नाही, बेबी हिंदुस्तान म्हणून ती भारतात पण निघायची. पुढच्या पुरवणीत दूध-पाव पोचवणाऱ्या गाड्यांना अर्धं पान द्या, फोटो मी पाठवतो, फक्त रंग होऊ दे.

एक वाचक, कॉव्हेंट्री