सामायिक फोल्डरच्या परवानग्यांबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, नागपुरातील महाल आणि सीताबर्डी भागांतील जुन्या वाड्यांच्या नोंदींसाठी आपण वापरत असलेल्या गुगल ड्राइव्हवरील फोल्डरच्या परवानग्या येत्या रविवारी नव्याने ठरविण्यात येतील.

सध्या हा फोल्डर लिंक असलेल्या कोणासही खुला असल्याने, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठविलेली लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला वाडामालकांचे दूरध्वनी क्रमांकसुद्धा दिसू शकतात. ते क्रमांक त्यांनी आपल्यावर विश्वासून दिले आहेत. यापुढे प्रवेश केवळ नोंदविलेल्या ईमेल पत्त्यांनाच राहील. बहुतेकांना ‘कमेंटर’ ही परवानगी मिळेल, म्हणजे अभिप्राय लिहिता येईल, परंतु मूळ मजकूर बदलता येणार नाही. प्रत्यक्ष नोंदी करणारे सभासद मात्र ‘एडिटर’ राहतील. फोल्डरच्या मालकाने सेटिंगमधून मनाई केली नसेल, तर एडिटरला इतरांना प्रवेश देण्याचा आणि परवानग्या बदलण्याचाही अधिकार आपोआप मिळतो, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती मनाई आता केली जाईल.

फोल्डरची परवानगी आतील फाइलींनाही लागू होत असल्यामुळे क्रमांकांचा तक्ता स्वतंत्र फोल्डरमध्ये हलविला जाईल. डाउनलोड बंद करण्याची सोय आहे, पण स्क्रीनचे छायाचित्र तिने थांबत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबणे योग्य वाटत नाही.

सभासदत्व सोडणाऱ्यांनी आपल्या खात्यातून तयार केलेल्या फाइलींची मालकी आधी चिटणीसांकडे सोपवावी. इतरांनी आपला ईमेल पत्ता शनिवारपर्यंत त्यांना कळवावा.