वर्तुळात आखडलेला वाळपईचा पाऊस

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत गोव्यातील पर्जन्यमापन केंद्रांवर पडलेल्या पावसाचा एक आलेख रंगीत छापून आला होता. नेहमीचे उभे स्तंभ न काढता एकात एक अशी गोल कडी काढून, प्रत्येक कड्यावर एकेका केंद्राचा पाऊस जाड पट्ट्याने दाखवला होता. सगळ्यांत आत वाळपई आणि सगळ्यांत बाहेर पणजी. चित्र देखणे होते आणि ते काढणाऱ्याने मेहनत घेतली होती, हे मी मनापासून मान्य करते. तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण आमच्या घरी त्या आलेखाचा अर्थ नेमका उलटा लावला गेला.

माझी नात नववीत शिकते. पान पाहून तिने विचारले, "आजी, यंदा पणजीत आपल्यापेक्षा जास्त पाऊस पडला?" आम्ही राहतो सत्तरी तालुक्यात, वाळपई याच तालुक्यात येते. सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या वाळपई, सांगे या भागात किनाऱ्यापेक्षा अधिक पाऊस पडतो, हे तिला शाळेत शिकण्याआधीपासून ठाऊक आहे. तरी समोरच्या चित्रावर तिने विश्वास ठेवला. मी अबोलीची फाती, म्हणजे गजरा, करायला ठेवलेला दोरा घेतला, वाळपईच्या पट्ट्यावर वळवत नेऊन तेवढाच तोडला, मग पणजीच्या पट्ट्यावर तसाच धरून दुसरा तुकडा तोडला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी सरळ करून ठेवले, तेव्हा पणजीचा तुकडा जवळजवळ दुप्पट भरला. पाऊस मात्र वाळपईचा जास्त होता. पट्टा आपल्या कड्याचा किती हिस्सा व्यापतो, एवढेच पाहायचे होते, त्याची लांबी पाहायची नव्हती. आणि ही गोष्ट आलेखात कुठेही लिहिलेली नव्हती.

यातले गणित शाळेतलेच आहे. आतल्या कड्याची त्रिज्या 2 सेंटीमीटर आणि बाहेरच्याची 6 सेंटीमीटर धरली, तर आतले पाऊण वर्तुळ 9.4 सेंटीमीटर भरते आणि बाहेरचे अर्धे वर्तुळ 18.8 सेंटीमीटर. म्हणजे दीडपट पाऊस निम्म्या लांबीचा दिसतो. डोळ्याला कोनापेक्षा लांबी आधी दिसते, त्यामुळे नातीची चूक झाली असे मी म्हणणार नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल या दोन अमेरिकी संशोधकांनी 1984 साली याच प्रश्नावर प्रयोग मांडले होते. एकाच सरळ अक्षावरची स्थाने माणूस सर्वांत अचूक ताडतो, त्याखालोखाल लांबी आणि कोन. क्षेत्रफळ आणि घनफळ यांचा अंदाज त्याहूनही चुकतो, असा क्रम त्यांनी लावला. साधा स्तंभालेख नीरस वाटत असेल, पण त्यात सगळे स्तंभ एकाच पायावर उभे असतात आणि डोळा आपले सर्वांत पक्के काम करतो.

मात्र अपरिचित आलेख छापूच नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मी 31 वर्षे भूगोल शिकवला आणि नव्या रीतीने काढलेल्या चित्रांनी मुलांचे डोळे कसे उजळतात, ते रोज पाहिले. शिवाय आज ज्याला आपण साधा म्हणतो, तो स्तंभालेखही कधीकाळी विचित्रच होता. स्कॉटिश अर्थतज्ज्ञ विल्यम प्लेफेअर यांनी 1786 साली स्कॉटलंडचा 17 ठिकाणांशी असलेला व्यापार आडव्या पट्ट्यांनी दाखवला, तेव्हा त्यांच्यापाशी फक्त एका वर्षाची आकडेवारी होती. काळाचा अक्ष नसलेले ते चित्र खुद्द त्यांनाच कमी दर्जाचे वाटत होते.

पुढच्या दोन उदाहरणांत मला आपल्याला सांगायचे ते नेमके सापडते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 साली पाकळ्यांसारख्या वर्तुळाकार आलेखातून मांडले. महिने 12, आणि वर्षाचे चक्र फिरून जागेवर येते, म्हणून तिथे वर्तुळाला कारण होते. त्यातही निळी, लाल आणि काळी क्षेत्रे मध्यबिंदूपासून मोजावीत, असे त्यांनी आकृतीशेजारीच लिहून ठेवले. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने 1869 साली नेपोलियनच्या 1812 मधील रशिया मोहिमेचे चित्र काढले. त्यात सैन्याची संख्या, वाट, दिशा, नद्या आणि परतीच्या वाटेवरची थंडी हे सारे एका कागदावर मावले आहे. 4,22,000 सैनिकांचा रुंद पट्टा निघतो आणि परत येताना 10,000 माणसांची काळी रेघ उरते. हे चित्र पाहताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण मिनार यांनी वाचकाला वाऱ्यावर सोडले नाही. 1 मिलिमीटर रुंदी म्हणजे 10,000 माणसे, हे त्यांनी वरच लिहिले आणि पट्ट्यावर ठिकठिकाणी आकडेही घातले.

आपल्या पुरवणीतल्या आलेखात वर्तुळाला कारणही नव्हते आणि ते कसे वाचायचे, हेही लिहिलेले नव्हते. पाऊस इंचांत आहे की मिलिमीटरमध्ये, हेसुद्धा खालच्या बारीक अक्षरांत शोधावे लागले.

वेगळा आलेख नीट वाचला जातो, याचा पुरावा आपल्याच अंकात मिळतो. 2022 च्या विधानसभा निकालानंतर आपण 40 ठिपक्यांचे अर्धवर्तुळ छापले होते. आमच्या वाड्यावरच्या पसऱ्यात, म्हणजे दुकानात, ते पान दिवसभर गल्ल्याजवळ पसरलेले होते आणि येणारा जाणारा बोट ठेवून मोजत होता: भाजपचे 20, बहुमताला हवेत 21. एक ठिपका म्हणजे एक आमदार, एवढे कळले की पुढचे कुणी समजावून सांगावे लागत नाही. उलट प्रत्येक तालुक्याला आकड्याप्रमाणे रंग दिलेला क्षेत्रघनी नकाशा सर्वांच्या ओळखीचा असूनही फसवतो. 2011 च्या जनगणनेत मुरगावची लोकसंख्या 1,54,561 होती आणि सत्तरीची 63,817. नकाशात मात्र सत्तरी कितीतरी मोठी असल्याने डोळा तिच्याकडेच जातो आणि मुरगाव कोपऱ्यात हरवते. माणसांविषयीची कोणतीही माहिती अशा नकाशावर देताना हा धोका असतोच. म्हणून ओळखीचे चित्र म्हणजे सोपे आणि अनोळखी म्हणजे अवघड, अशी वाटणी मला पटत नाही.

एक अपवाद मी स्वतःहून मान्य करते. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी 2018 साली तयार केलेल्या तापमानाच्या पट्ट्यांत आकडाही नाही आणि अक्षही नाही; प्रत्येक वर्षाला एक उभी पट्टी, थंड वर्षे निळी आणि उष्ण वर्षे लाल. तरी ते चित्र एका नजरेत कळते, कारण पृथ्वी तापते आहे, ही एकच गोष्ट त्याला सांगायची आहे. वाळपईत किती पडला, सांग्यात किती आणि पणजीत किती, अशी तुलना वाचकाला करायची असते, तिथे तेवढ्याने भागत नाही.

रंगांविषयीही लिहायला हवे. आमच्या वाचनालयात आपल्या अंकातली महत्त्वाची पाने झेरॉक्स काढून फलकावर लावतात. गेल्या उन्हाळ्यात धरणांतील साठ्याचा आलेख तसा लावला होता; लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग सारखेच राखाडी झाले आणि साळावलीची रेषा कोणती व अंजुणेची कोणती, हे कुणालाच सांगता येईना. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या वाचकाला तर रंगीत अंकातही हीच अडचण येते. रेषेच्या टोकाशी धरणाचे नाव छापले असते, तर सूचीकडे पाहण्याचीसुद्धा गरज पडली नसती.

आपल्याला माझी एकच विनंती आहे. पावसाची तीच आकडेवारी येत्या रविवारी आडव्या स्तंभांत, जास्त पावसाच्या केंद्रापासून उतरत्या क्रमाने लावून आणि प्रत्येक स्तंभाच्या टोकाशी इंच लिहून पुन्हा छापावी. जुना गोल आलेखही शेजारी लहान आकारात ठेवावा. दोन्ही आलेख शेजारी असलेले ते पान मी वाचनालयाच्या फलकावर लावीन आणि दोऱ्याचे ते दोन तुकडेही सोबत टाचून ठेवीन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
सत्तरी, गोवा