घोरपडीच्या कवटीला एम-सील!

मा. संपादक, स. न.

कालच्या पुरवणीतला घोरपडीवरचा लेख वाचला. ‘कवटी जितकी लवचीक, तितका चावा जबर’ हे वाक्य चौकटीत ठळक छापायची हौस कोणाची? चाव्याचा जोर जबडा मिटवणाऱ्या स्नायूंचा असतो. डोके उंच आणि रुंद असले की त्यांना जागा मिळते. शिवाय भक्ष्य मागच्या दातांत, म्हणजे सांध्याजवळ, असेल तर जोर जास्त. सुपारी अडकित्त्याच्या टोकाला धरून कोणी फोडतं का?

मी इथल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. आमच्या कपाटात घोरपडीची फार सुंदर कवटी होती. सरडे-पालींच्या कुळात खालचा जबडा ज्या हाडाला टेकतो, ते हाडच मागेपुढे झुलतं. आमच्या कवटीत ते तारेने असं बांधलेलं होतं की बोटाने हलवून दाखवता यायचं. मग तपासणी समिती येणार म्हणून ‘तुटकी’ कवटी दुरुस्त करायचा हुकूम निघाला. सांध्यांत एम-सील भरलं, वरून पांढरा रंग! मी बोललो, तर सर म्हणाले, ‘तुम्ही काचेची भांडी सांभाळा.’ पुढे मुलं तीच ठोकळा कवटी जर्नलमध्ये काढत राहिली आणि मार्कंही मिळवत राहिली. त्यातलंच कोणी आपल्याकडे लिहितं की काय, अशी शंका येते.

घरातली पाल बघा. तिच्या डोळ्यामागची आणि कानशिलाची हाडांची कमान नाहीशी झालेली आहे. त्यामुळे मुस्कट वरखाली हलतं, भक्ष्य नेमकं पकडता येतं; पण भक्कमपणा गेला. सरड्यात त्या कमानी शाबूत, कवटी घट्ट. तो कडकडून चावतो, हे बागेत सरडे पकडणाऱ्या पोरांना विचारा. आणि लेखकमहाशयांचा लाडका कोमोडो ड्रॅगन, म्हणजे घोरपडीचा इंडोनेशियातला अजस्र भाऊबंद? एवढ्या धुडाच्या मानाने त्याचा चावा बेताचाच. तो करवती दात रुतवतो आणि मान मागे खेचून मांस फाडतो. त्याला मगरीच्या रांगेत कशाला बसवता?

जाता जाता, ‘आपली घोरपड’ म्हणून जो फोटो छापलाय तो हिरवा इग्वाना आहे, तिकडे दक्षिण अमेरिकेतला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, तरी ‘धरली की सोडत नाही’ म्हणत लोक तिला काठीने ठेचतात. निदान तिचा फोटो तरी तिचाच छापा. आणि दुरुस्ती छापणार असाल, तर कृपया वधू-वर जाहिरातींच्या खाली नको.

एक वाचक, महाल, नागपूर