नागपूरच्या इतवारीतल्या शिलाई मशीनच्या मिस्त्रीकाकांना, मला मशीन न विकल्याबद्दल

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हणायला गेली की तुम्ही "हाव हाव, चाय घे" म्हणता आणि विषय बंद, म्हणून लिहूनच टाकते. तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की आजोबांना मोठ्यानं वाचून दाखव आणि कंटाळा आला तरी मधलं गाळू नको. आणि हे सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे कारण जाड चामडं शिवायला मशीन पाहिजे म्हणून माझ्यासारखे कितीतरी जण पैसे घालवून बसतात, त्यांना काही तुम्ही भेटत नाही.

मागच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा तुमच्याकडे आली, ४५ अंशात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, हातात फोन आणि फोनमध्ये त्या ज्युकी ४४१ च्या घाटाच्या मशीनचा फोटो. लांब गोल आर्म, बैलगाडीच्या चाकाएवढं वाटणारं हँडव्हील, पाऊण इंच जाडी आरामात शिवते असं लिहिलेलं. किंमत लाखाच्या वर. मी गोल्ड लोन काढायच्या तयारीत होती, खरंच. तुम्ही फोटोकडे पाह्यलंच नाही. म्हणे, "शिवते काय तू?" मी म्हटलं चामडं. "चामडं तं झालं वो पोरी, वस्तू कोनती?"

आता वाटतं केवढा साधा प्रश्न, पण तोवर तीन दुकानदारांपैकी एकानंही विचारला नव्हता. सगळे विचारायचे बजेट किती.

त्याआधीचा माझा इतिहास तुम्हाला तुकड्यातुकड्यात माहीत आहे, इथं एकदाच सांगते. पहिली मशीन घरगुती, डब्यावर मोठ्या अक्षरात हेवी ड्यूटी लिहिलेलं. दोन पातळ थर शिवले तिनं, तिसऱ्या थराला आतून कट्ट आवाज आला आणि हँडव्हील फिरतंय पण सुई जागेवरच. आत प्लास्टिकचा गिअर होता, त्याचे दात उडाले. गंमत म्हणजे आईच्या लग्नातली काळी लोखंडी पायमशीन तेच दोन थर आजही मुकाट शिवते, पण तिलाही १८ नंबरच्या सुईच्या पुढं जायला सांगितलं की ती रुसते. दुसरी मशीन मी सेकंडहँड घेतली, कारखान्यात जीन्स शिवतात तसली, विकणाऱ्यानं (नाव नाही घेत, जाऊ दे) छातीठोक सांगितलं की मॅडम यावर सोफासुद्धा होतो. ती शिवायची, खोटं कशाला बोलू, जाड जाड शिवायची. पण साडेतीन फुटाचा बेल्ट शिवून संपवला की वरचा थर खालच्यापेक्षा बोटभर लांब निघायचा, आणि उलटून पाह्यलं तर खालच्या बाजूला दातांचे चावे, रांगेत, जसं उंदरानं कुरतडलंय. मला वाटायचं माझाच हात वाकडा आहे. सहा महिने मी स्वतःलाच शिव्या घातल्या काका.

ते तुम्ही पाच मिनिटांत समजावलं, तेही हातवारे करून. दोन तळहात एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "पाह्य, हा खालचा दाता ओढते ना माल, तो फक्त खालच्या थराले ओढते. वरून पाय दाबून ठेवते तं वरचा थर मागं राह्यते. कपड्यात चालून जाते, चामड्यात नाही चालत." मग तुमच्या कोपऱ्यातल्या त्या वॉकिंग फूट मशीनचं झाकण काढून हातानं हळूहळू चाक फिरवून दाखवलं, की हिच्यात सुई चामड्यात घुसलेली असतानाच दात्याबरोबर पुढं सरकते, आणि वरती दोन पाय आहेत, आतला पाय सुईसोबत चालतो तेव्हा बाहेरचा उचललेला असतो, मग बाहेरचा टेकतो आणि आतला मागं येतो, माणूस चालतो तसंच. खालून दाता, मधून सुई, वरून पाय, तिघं एकदमच ओढतात तर थर सरकणार कुठून. याला कंपाउंड फीड म्हणतात हे मी नंतर शिकली, पण तुमचं "तिघं मिळून पालखी उचलतेत" हेच डोक्यात बसलंय.

मग तुम्ही मला घरी पाठवलं. मला राग आला होता, आज सांगते. एवढ्या उन्हात आली आणि हे म्हणतात उद्या तुझ्या सगळ्या वस्तूंचे तुकडे घेऊन ये, सगळ्यात जाड जोडाचे पण आण आणि महिन्याला काय किती बनवते ते कागदावर लिहून आण. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते जुनं व्हर्नियर काढून एकेक मोजलं. बॅगेच्या कडा ४ मिलिमीटरच्या आत. कमरेचे बेल्ट ५. पोळ्याचे बैलांचे घुंगरपट्टे, म्हशीच्या चामड्याचे, अस्तरासकट ६, आणि बक्कल बसवायला दुमडतो तिथं १२. तो १२ चा आकडा पाहून मी लगेच म्हटलं पाहा काका, म्हणूनच मोठी मशीन पाहिजे. तुम्ही कागद पुढं सरकवला. महिन्याभरात बॅगा आणि बेल्ट ढीगभर, आणि १२ मिलिमीटरची शिलाई वर्षातून एकदा, पोळ्याच्या आधी, तीही एका पट्ट्यात जेमतेम दोन इंच.

"दोन इंचासाठी हत्ती पोसते काय बे?" मला बे म्हणाले तुम्ही. पण पटलं.

शिवाय ती मोठी मशीन पातळ मालावर किती अडचण करते हेही तुम्हीच सांगितलं, की तिची सुईच मुळात जाड, भोकं मोठी, पाय आणि दाते तगडे, दीड मिलिमीटरचं मऊ चामडं तिच्याखाली घातलं तर खालच्या प्लेटच्या भोकात ओढलं जाऊन चुरगळतं, आणि मग पातळ कामासाठी तिचे पाय, प्लेट, सुई, दोऱ्याचं टेन्शन सगळं बदलत बसा. घोड्याचं खोगीर आणि बंदुकीचे म्यान करणाऱ्यांसाठी ती सोन्यासारखी आहे. मी बॅगवाली.

मी मग म्हटलं ठीक आहे, मोची लोकांकडे असते ती पॅच मशीन स्वस्तात येते, ती घेऊ का. त्यावर तुम्ही हसले. तिचा पाय गोल गोल कुठल्याही दिशेला फिरतो, बुटाच्या टोकात घुसतो, दुरुस्तीला तिला तोड नाही, पण ती माल फक्त वरून पायानं ओढते म्हणून चांगल्या बाजूवर दातांचे ठसे, आणि बॉबीन एवढीशी की जाड दोरा भरला तर दोन बेल्टांत संपणार. (हे मी नंतर तुमच्या ओळखीच्या मोचीभाऊंकडे करून पाह्यलं, दुसरा बेल्टही पूर्ण नाही झाला.)

तर सपाट बेडची वॉकिंग फूट की सिलिंडर आर्मची, म्हणजे गोल आर्मवाली, यावर आपलं तीन दिवस चाललं. मला सपाट पाहिजे होती कारण स्वस्त होती. तुमचं म्हणणं, गोल आर्मवर वरून टेबल बसवलं की ती सपाट होते, पण सपाट मशीन कापून गोल नाही करता येत, आणि बॅगेची बाजूची पट्टी बसवताना तू सपाट मशीनवर बॅग कुठून फिरवशील. बरोबर होतं. तेव्हा सेकंडहँड सिलिंडर आर्म शोधायचं ठरलं, आणि इथं मला खरं थँक्यू म्हणायचंय, कारण तुमच्या स्वतःच्या दुकानात एक सपाट मशीन विकायला पडलेली होती, तीच कोपऱ्यातली. मी पैसे द्यायला तयार होती. तुम्ही म्हणाले ही तुझ्या कामाची नाही.

मग तुम्ही माझ्यासोबत हिंगण्याला एमआयडीसीत आले, बंद पडलेल्या एका युनिटमध्ये, माझ्या स्कुटीवर मागं बसून, मांडीवर ती डब्याएवढी पिशवी घेऊन. मशीन कशी तपासायची ते मी तिथं पाह्यलं. मालकानं आधीच सफेद कपड्यावर शिवून ठेवलेलं सॅम्पल दाखवलं तर तुम्ही ते हातातसुद्धा नाही घेतलं. माझंच चामडं, माझाच दोरा लावला. आधी मोटरचा पट्टा काढून चाक हातानं फिरवलं, कुठं अडकतं का, कुठं ढिलं पडतं का. सुईची दांडी धरून डावीउजवीकडे हलवून पाह्यली. मग टॉर्च लावून शटलचं, म्हणजे खालून सुईचा दोरा पकडते त्या हुकाचं, टोक सुईच्या किती जवळून जातं ते पाह्यलं. मग दोन थरांवरून चार थरांवर चढवलं आणि परत उतरवलं, आणि त्या चढावर टाका तेवढाच लांब राहिला का ते पट्टीनं मोजलं. चढावर टाके लहान झाले तर फीड थकलंय. मग रिव्हर्स घेतलं, परत येताना सुई जुन्याच भोकांत पडते की बाजूला नवीन भोकं करते. चामड्यात भोक पडलं की पडलं, कपड्यासारखं धुतल्यावर बुजत नाही, हे तुमचं वाक्य मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोघींना रोज ऐकवते.

रिव्हर्सला एक भोक बाजूला गेलं. तुम्ही मालकाला काहीच नाही म्हणाले, नुसतं ते भोक त्याच्यासमोर धरलं. भाव उतरला.

मोटरचं मात्र मी तुमचं लगेच ऐकलं नाही, त्याची माफी. मशीनसोबत जुनी क्लच मोटर आली, १४४० फेऱ्यांची, मी म्हटलं चालू आहे ना, राहू द्या. तिच्यावर पाय ठेवला की मशीन एकतर उभी किंवा एकदम रेल्वे. कोपऱ्यावर एक टाका, फक्त एक टाका टाकायचा असतो तिथं चार पडायचे. आणि शिवा नका शिवू, ती आपली दिवसभर घूं करत गरम होणार, आधीच खोलीत कूलरचा आवाज. शेवटी दिवाळीच्या आधी तुम्ही म्हटलेली ५५० वॅटची सर्व्हो, म्हणजे पाय दाबला तेवढीच फिरणारी मोटर, बसवली आणि मोटरवरची पुली लहान केली. पुली अर्धी केली की स्पीड अर्धा पण जोर दुप्पट, हे शाळेत शिकलेलं मला चाळिशीत कामाला आलं. आता सुई चामड्यात अडत नाही आणि एक टाका म्हणजे एकच टाका.

सुई-दोऱ्याचं तुम्ही कॅलेंडरच्या मागं लिहून दिलं होतं, तो कागद मशीनच्या वर चिकटवलाय. १३८ नंबरचा बॉन्डेड नायलॉन, २३ नंबरची सुई, बॉबीनमध्येही तोच दोरा. सुई बारीक घेतली तर गाठ चामड्याच्या मधोमध जात नाही, खालीच दिसत राहते, आणि आपण उगाच टेन्शन पिळत बसतो. टाका ४ ते ५ मिलिमीटर, कारण बारीक टाके घातले तर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरूनच फाटतं. मी आधी सुंदर दिसावं म्हणून अडीचचे टाके घालायची! दोन बेल्ट तसेच परत आले होते. आणि पहिले दोन टाके हातानं चाक फिरवून, दोन्ही दोरे मागं धरून. हे विसरली की खाली आजही दोऱ्याचं घरटं होतं.

आता ते १२ मिलिमीटरवालं. तुम्ही मला त्या मोचीभाऊंकडे पाठवलं तेव्हा मला वाटलं काका टाळून राहिले. त्यांनी आधी रापीनं, चामडं छिलायच्या पात्यानं, दुमड छिलून १२ चे ८ करायला शिकवलं, आणि मग आरीनं भोक पाडून एकाच दोऱ्याला दोन सुया लावून समोरासमोर शिवायला. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक झिजला की दुसरा मोकळा होत जातो. हातच्या टाक्यात एक बाजू तुटली तरी दुसरी धरून ठेवते. बक्कलजवळ सगळा बैलाचा झटका येतो, तिथं हाच टाका पाहिजे, आणि बाकीचा पट्टा मशीनवर. म्हणजे लाखाची मशीन घेतली असती तरी बक्कलला हातच लावावा लागला असता. त्यांनी शिकवायचे पैसे नाही घेतले, नवीन आरीच्या दांडीवर माझं नाव कोरून दिलं. तुम्हीही हिंगण्याला आल्याचे नाही घेतले. असं नका करत जाऊ, मिस्त्री लोकांचा तास फुकट नसतो.

यंदा पोळ्याचे चाळीस जोड पट्टे गेले, कळमेश्वर, काटोल, दोन थेट वर्ध्याकडे. एकही परत नाही आला अजून. ती जीन्सवाली मशीन भंगारात देताना मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतात तसं मी खरंच मनात म्हटलं, घेऊन जा गे मारबत.

आणि हे वाचून दाखवणाऱ्याला, नातवाला: थांब, इथं तुझं काम आहे. तुझ्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलासाठी दीड बोट रुंदीचा घुंगरपट्टा शिवलाय, बक्कलला दोन सुयांचा टाका आहे, मशीनचा नाही. मारबतीच्या दिवशी इतवारीत स्कुटी घुसत नाही म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी आणून देते. बैलाच्या मानेचा घेर दोऱ्यानं मोजून ठेव आणि आजोबांना सांग, चहा त्या दिवशी मी सांगणार आहे, पैसेही मीच देणार.

तुमची,
बॅगवाली