गिऱ्ह्याची गोष्ट टाईप करून मागू नका, ऐकायला माणूस पाठवा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

नमस्कार साहेब. मी मूळची सिंधुदुर्गातली, आता ठाण्यात असते. पत्र भुतांच्या गोष्टी जपण्याबद्दल आहे, पण म्हणून प्लीज बाजूला ठेवू नका, पूर्ण वाचा.

आमच्या गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, एक कोंड आहे, खोल डोहच तो, त्यात गिऱ्हा राहतो. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत, कोकणात कुणालाही विचारा. आजी ही गोष्ट मे महिन्यात ओटीवर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडता फोडता सांगायची, हात लालभडक झालेले, आणि गिऱ्हा पाण्यातून वर यायची वेळ झाली की ते हात थांबायचे. मग "माका एक मासो दी गो" हे ती इतक्या बारीक नाकातल्या आवाजात म्हणायची की आम्ही पोरं पाय वर घेऊन बसायचो. पुढे गोष्टीतला गडी त्या गिऱ्ह्याचा एक केस उपटून लपवतो, मग गिऱ्हा त्याच्या घरी गुलामासारखा राबतो, पाणी भरतो, आणि रोज रात्री आपला केस परत मागतो.

आता माझी चुलत आजी, दोन गावं पलीकडे दिलेली, तिच्या गोष्टीत मासा नाहीच. तिचा गिऱ्हा तंबाखू मागतो, आणि शेवटी घरातली सून तो केस शोधून त्याला देऊन टाकते कारण तिला त्याचं राबणं बघवत नाही. लहानपणी वाटायचं दोघींपैकी एक चुकतेय. आता वाटतं दोघी बरोबर होत्या, एकीचं माहेर खाडीकाठचं म्हणून मासा आला आणि दुसरी स्वतः आयुष्यभर मोठ्या घरात राबलेली सून होती. आणि आजीसुद्धा तीच गोष्ट दरवेळी तशीच सांगायची नाही, पावसाळा तोंडावर आला की तो कोंड बरोबर आमच्या शाळेच्या वाटेवरचा व्हायचा! त्या वाटेवर आम्ही कधी पाण्यात उतरलो नाही.

हे सगळीकडे असंच आहे साहेब. वेताळाचंच घ्या. सोमदेवाच्या कथासरित्सागर या जुन्या संस्कृत ग्रंथात तो झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो, आणि आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला तोच वेतोबा होऊन गावाची राखण करतो. लोक त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या वेशीवर फिरतो आणि चपला झिजतात असं सगळे सांगतात. प्रेतातलं भूत गावाचा राखणदार झालं, ते लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगून सांगून केलं असं मला वाटतं. आणि अळवंत? बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. जिथे दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता तिथे किती बायका अशा गेल्या असतील, त्यांची नोंद कुठल्या कागदावर नसेल, पण प्रत्येक गावात एक अळवंत आहे.

अंधश्रद्धेचा मुद्दा कोणीतरी काढेलच, म्हणून सांगते, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मला पूर्ण मान्य आहे, भोंदूबाबांना आत टाकलंच पाहिजे. पण गोष्ट जपणं म्हणजे अंगारे धुपारे नव्हेत.

गेल्या वर्षी मी हेच घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले होते. फोनवर आजीची रेकॉर्डिंग होती, 40 मिनिटांची. तिथले साहेब चांगले वागले, चहा पण दिला, पण म्हणाले की हे प्रमाण मराठीत टाईप करून आणा, एकच फायनल व्हर्जन करा, मग बघू. मी घरी येऊन खरंच बसले टाईप करायला, आणि "माका एक मासो दी गो"चं "मला एक मासा द्या" केलं आणि रडू आलं हो. तो आवाज कुठे टाईप करू?

तेव्हा गुणाढ्य कवीची दंतकथा आठवली, आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातली. त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाचीत, म्हणजे पिशाच्चांच्या भाषेत, शाई नव्हती म्हणून रक्ताने लिहिली आणि राजाने ती परत पाठवली. मग तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा, जनावरं चरायचं सोडून रडत ऐकायची. ती वाळली आणि राजाच्या ताटातलं मांस सुकं यायला लागलं, तेव्हा कुठे राजा धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पण पेढे वाटले. मग त्यातलं थोडं बोलींकडे येऊ दे. काम होऊ शकतं हे आधीच लोकांनी दाखवलंय, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतून केवढं जमवलं, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, कितीतरी बायकांच्या स्वतःच्या आवाजात. तसंच भुतांच्या, राखणदारांच्या, देवचारांच्या गोष्टींचं करा. आवाज ठेवा, मालवणी तर मालवणी, अहिराणी तर अहिराणी, कोरकू तर कोरकू. एका गोष्टीची दहा रूपं मिळाली तर दहाही ठेवा, सोबत गाव लिहा, सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्याला मानधन द्या, कारण तो अर्धा दिवस काम सोडून बसतो. हायस्कूलच्या पोरांना लावा या कामाला, फोन त्यांच्याकडे आहेतच आणि आज्या पण त्यांच्याच आहेत.

माझी आजी या फेब्रुवारीत गेली. चुलत आजी आहे, 88 वर्षांची, कान गेलेत पण गोष्ट पक्की आहे. दुपारी जेवण झालं की ती ओटीवर असते. माणूस पाठवणार असाल तर श्रावणात पाठवा, भाताची लावणी उरकलेली असते, ऐकायला शेजारपाजारचे पण येतात आणि समोर माणसं असली की ती जास्त रंगवून सांगते. लाईट जाते, बॅटरी चार्ज करून आणायला सांगा.

आपली,
सिंधुदुर्गातली एक नात